अर्ध्या शिंपल्यातील कालव

जालना जिल्ह्यातील एखाद्या गृहस्थापुढे ‘कालवे’ हा शब्द उच्चारला, तर त्याच्या डोळ्यांपुढे पैठणचा डावा कालवा उभा राहील. जायकवाडीचे पाणी अंबड-घनसावंगीच्या रानात नेणारा कालवा त्याच्या परिचयाचा. त्याचेच हे अनेकवचन, असे तो समजेल. कोकणपट्टीतील माणसाच्या मनात मात्र त्याच शब्दाने निराळेच चित्र उमटते. ओहोटीने उघडे पडलेले काळे खडक, त्यांवर चिकटलेली खरखरीत कवचे आणि ती फोडीत बसलेल्या बायका. कोकणचे कालव नपुंसकलिंगी, मराठवाड्याचा कालवा पुल्लिंगी; अनेकवचनी दोघांचे रूप एक होते. इंग्रजीत ज्याला ऑयस्टर म्हणतात, तेच हे कालव.

समुद्र जालन्यापासून चारशेएक किलोमीटर दूर. जालन्याच्या बाजारात तो येतो तो सुकट आणि बोंबील यांच्या रूपाने. घरात शिंपला दिसलाच, तर तान्ह्या मुलाला दूध पाजण्यासाठी ठेवलेला. तेव्हा या जिल्ह्याने कालवाची चौकशी का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला एक जुने उत्तर आहे. याच जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील भाविकांनी दिलेल्या दानांचे लेख सांचीच्या स्तूपावर आहेत. १९७३ च्या सुमारास भोकरदनला जे उत्खनन झाले, त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. त्याचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती भारतीय मूर्तीशी आहे, आणि ती मूर्ती भोकरदनकडूनच गेली असावी, असे काही संशोधक मानतात. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या त्या नगरीपासून लुक्रीन सरोवर फार दूर नव्हते. सर्जिअस ओराटा नावाच्या एका हिकमती रोमन गृहस्थाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आरंभी तेथे कालवांची शेती करून पैसा मिळविला, असे थोरला प्लिनी सांगतो. भोकरदनचे हस्तिदंत ज्या घरात शोभेला ठेवले होते, त्या घरच्या ताटात कालव आले नसेल, असे कोणी म्हणावे?

कालवाविषयी एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. स्वाती नक्षत्राच्या थेंबाचा ज्याच्याशी संबंध जोडतात, तो मोत्याचा शिंपला वेगळ्या कुळातला. कालवात क्वचित खडा सापडतो, पण त्याला सराफकट्ट्यावर कोणी विचारीत नाही. कालवाचे मोल त्याच्या मांसात आहे.

कोकणच्या खडकांवरचे कालव अंगाने लहान. त्याची कड दातेरी आणि जांभळट-काळी असते. बोट निष्काळजीपणे फिरविले की रक्त निघते. खालचे शकल वाटीसारखे खोल, वरचे झाकणासारखे. त्या खोलगट शकलामुळेच शास्त्रज्ञांनी त्याला ‘टोपडेवाला’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. प्रा. आवटी आणि राय यांनी १९३१ साली याच प्राण्यावर शंभरावर पृष्ठांचा शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्याला ‘मुंबईचे कालव’ म्हटले. खाड्यांतील चिखलट पाण्यात आणखी एक मोठ्या अंगाची जात वाढते. केळव्यापासून मालवणापर्यंत ती आढळते. परंतु चवीचा अभिमान किनाऱ्याने खडकावरच्या लहानग्याविषयीच बाळगावा.

विलायतेतही मान लहानाचाच आहे. तेथे कोल्चेस्टर आणि व्हिट्स्टेबल येथील चपट्या, गोलसर देशी कालवांना ‘नेटिव्ह’ म्हणतात. ज्या शब्दाने साहेब हिंदुस्थानात आपल्याला हिणवीत असे, तोच शब्द लंडनच्या भोजनगृहातील यादीत सर्वांत महाग पदार्थापुढे सन्मानाने छापलेला असे, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. हे ‘नेटिव्ह’ एकेकाळी तेथील गरिबांचे अन्न होते. अतोनात उपसा झाला, बीज आटले आणि गरिबाच्या हातातून निसटून ते श्रीमंताच्या बर्फावर जाऊन बसले.

अर्ध्या शिंपल्यातील कालव खाण्याची रीत साधी आहे. वरचे झाकण काढावयाचे, खालची वाटी आडवी धरावयाची, आणि आतले पाणी सांडू द्यावयाचे नाही. ते पाणी म्हणजे समुद्राची शेवटची भरती, प्राण्याने दार लावून घरात कोंडून ठेवलेली. लिंबाचे चार थेंब पुरेत. अधिक मसाला घालणे म्हणजे पाहुण्याला बोलू न देणे. काही जण ते न चावताच घशाखाली लोटतात. त्यांना निव्वळ खारट पाणी प्याल्याचे श्रेय मिळते. सावकाश चावले, तर आधी मीठ लागते, मग मंद गोडी येते, आणि शेवटी जिभेवर तांब्याच्या भांड्यातील पाण्यासारखी किंचित धातूची आठवण राहते. ही गोडी त्याच्या अंगात साठलेल्या पिष्टासारख्या द्रव्याची असते. प्रजोत्पादनात ते द्रव्य खर्ची पडते आणि कालव पातळ व बेचव होते. विलायतेत उन्हाळ्याचे महिने वर्ज्य, तर आपल्याकडे पावसाळा. नद्यांच्या पुराने खाडीचे पाणी गोडे होते, समुद्र खवळतो, आणि खडकावर पाऊल टाकणेच जिवावरचे ठरते.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. अशा रीतीने खाल्ले जाणारे कालव जिवंत असते. किंबहुना ते जिवंत असलेच पाहिजे. ज्याचे कवच मिटलेले नाही आणि बोट लागताच मिटत नाही, ते टाकून द्यावे. ज्यांच्या मनाला हे रुचणार नाही, त्यांनी हा पदार्थ दुसऱ्यांसाठी सोडावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता कोकणच्या कालवाची खरी अडचण. विलायती कालव ओल्या गोणीत, थंडीत, मिटल्या तोंडाने काही दिवस सुखाने प्रवास करते. आपल्या कालवाचे खालचे शकल मात्र खडकाशी चुन्यासारखे एकजीव झालेले असते. ते सबंध निघत नाही. म्हणून ओहोटी लागली की बायका लोखंडी हत्यार घेऊन खडकावर बसतात, ठोका मारून झाकण उडवितात, आणि आतला जीव अलगद सोडवून भांड्यात टाकतात. अर्धा शिंपला खडकावरच राहतो. कंबर वाकलेली, पाय पाण्यात, हात सोललेले; आणि हे सारे भरती परतण्यापूर्वी. दोन-तीन तासांच्या या श्रमात भांडे भरतेच असे नाही. घरी आल्यावर ओले खोबरे, कोकम, तिरफळ घालून त्याचे कालवण होते. खडकावरच लिंबू पिळून एखादे तोंडात टाकण्याची रीतही तेथे अगदीच अपरिचित नाही. भोजनगृहात चांदीच्या तबकातून जे येते, ते येथे खडक स्वतःच्या तबकातून देतो. जालन्याच्या खवय्याला ते हवे असेल, तर त्यानेच उठून खडकापाशी गेले पाहिजे.

पण कोणत्या खडकापाशी? खरी चिंता येथे आहे. कालव पाणी गाळून जगते. पूर्ण वाढलेले मोठे कालव तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून नेते, आणि त्या पाण्यात जे असेल ते अंगात साठविते. १९०२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन येथे महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हीकडे एम्सवर्थची कालवे वाढली होती. त्या कालवांच्या मळ्यात गावचे सांडपाणी पडत होते. पाहुण्यांत विषमज्वर पसरला, विंचेस्टरचे मुख्य धर्माधिकारी मृत्यू पावले, आणि एम्सवर्थचा नावाजलेला धंदा बसला. १९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत अशाच कालवांनी दीड हजारांवर माणसे आजारी पडली, सुमारे दीडशे दगावली. १९८८ मध्ये शांघायला कच्च्या शिंपल्यांतून कावीळ पसरली, तिने सुमारे तीन लाख लोकांना गाठले. स्वच्छ पाण्याच्या टाकीत दोनएक दिवस ठेवून कालव धुऊन घेण्याची युक्ती पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. तीमुळे जंतू बहुतांशी जातात, काविळीचे विषाणू जातीलच असे नाही. लिंबाच्या रसाने जंतू मरतात, ही समजूत तर निखालस खोटी.

म्हणूनच ज्या प्राण्याला १९३१ साली ‘मुंबईचे कालव’ हे नाव मिळाले, ते मुंबई शहरालगतच्या खडकावरून उचलून कच्चे खाण्याचे धाडस आज शहाण्याने करू नये. कालव तेच आहे, खडकही तेच. शहराने खाडीत सोडलेल्या मैल्याने तबक नासविले. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत २०१० नंतरच्या दशकात महिलांच्या गटांनी दोऱ्यांना टांगून कालवे वाढविण्याचे प्रयोग केले. अशी कालवे सबंध निघतात, टाकीत धुता येतात, बर्फात घालून दूरही धाडता येतात. ती उद्या जालन्याला पोचली, तरी त्यांना पाणी कोणत्या खाडीचे होते आणि ती किती दिवस धुतली, एवढे दोन प्रश्न गिऱ्हाइकाने विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर ती सरळ चुलीवर चढवावीत आणि नीट शिजवावीत. कोकणच्या बायका त्यांचे जे कालवण करतात, ते काही कच्च्या कालवाहून कमी प्रतीचे नाही.

इकडे भरती चढू लागली की त्या भांडे डोक्यावर घेऊन परततात. मागे खडकावर रिकाम्या अर्ध्या शिंपल्यांची पांढरी रांगोळी राहते. डोळ्यांना न दिसणारी कालवाची पिले काही आठवडे पाण्यात तरंगून टेकायला जागा शोधतात, तेव्हा पुष्कळदा ती याच जुन्या वाट्यांवर येऊन बसतात.