भोपळ्याचे स्कोन : एका तासाचे पक्वान्न



शरद ऋतू म्हटला की आपल्या मनश्चक्षूंपुढे निरभ्र आकाश, कोजागरीचे चांदणे आणि केशर घातलेले आटीव दूध उभे राहते. आपल्याकडील शरद दिवसा तापणारा असतो. आयुर्वेदाने त्यास पित्तप्रकोपाचा काळ मानले आहे, आणि म्हणून या दिवसांत शीत व मधुर अन्न घ्यावे असा घरांतील वडीलधाऱ्यांचा कटाक्ष असतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र हाच ऋतू थंडीची वर्दी घेऊन येतो. मेपलची पाने तांबडी होऊन गळू लागतात, पहाटेचे दहिवर गवतावर गोठते, दिवस भराभर आखडतात, आणि उन्हाळाभर थंड राहिलेली भट्टी पेटविण्यास गृहिणीला काहीतरी निमित्त हवे असते. तिथला शरद सुंठ, दालचिनी आणि लवंग मागतो. आणि नेमक्या त्याच सुमारास शेतांतून भोपळे घरी येतात. या योगातून तिकडील स्वयंपाकघरांत जे पदार्थ निर्माण होतात, त्यांपैकी एका साध्या पदार्थाविषयी, म्हणजे मसाला घातलेल्या भोपळ्याच्या स्कोनविषयी, मी आज चार शब्द बोलणार आहे.

विषय किरकोळ आहे असे कोणी म्हणेल. शिवाय, जो पदार्थ तिकडे प्रत्येक पेठेत विकत मिळतो तो घरी करण्याचा खटाटोप कशाला, असेही कोणी विचारील. त्यावर माझे म्हणणे एवढेच आहे की, काही पदार्थ विकण्यासाठी जन्मलेलेच नसतात. तव्यावरून थेट ताटात पडलेला फुलका आणि डब्यात थंड झालेला फुलका यांना आपण एकाच नावाने हाक मारतो, परंतु त्या दोन वस्तू निराळ्या आहेत. स्कोनचेही तसेच आहे. त्याचे खरे आयुष्य भट्टीबाहेर आल्यापासून फार तर एक तासाचे. ज्याचे आयुष्य एवढे अल्प, त्याला दुकानाच्या फळीवर बसवावयाचे तर त्याचे रूप पालटावेच लागते. ते कसे, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम स्कोन म्हणजे काय ते पाहू. हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. गॅविन डग्लस या कवीने 1513 साली व्हर्जिलच्या महाकाव्याचे स्कॉट्स भाषेत जे रूपांतर पुरे केले, त्यात हा शब्द आढळतो. त्या काळचा स्कोन आजच्यासारखा फुगीर नव्हता. जवाच्या किंवा ओटच्या पिठाची जाड, गोल भाकरी थापावयाची, लोखंडी तव्यावर भाजावयाची आणि तिचे चार तुकडे करावयाचे, असा तो प्रकार होता. आपल्या भाकरीचा हा थंड मुलखातील भाऊबंदच म्हणावयाचा! त्यास फुगीरपणा आला तो एकोणिसाव्या शतकात, बेकिंग पावडरचा प्रसार झाल्यावर. अल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनज्ञाच्या पत्नीला यीस्टने फुगविलेला पाव सोसत नसे. तिच्याकरिता त्याने 1843 साली ही पूड सिद्ध केली. एका घरातील अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे जगभरच्या घरांना उपयोगी पडली. तव्यावरची भाकरी भट्टीत गेली आणि उंच झाली.

आता भोपळा. लाल भोपळा आपल्या घारग्यांत आणि भाजीत इतका मुरला आहे की तो परका आहे हे सांगूनही पटत नाही. परंतु त्याचे कूळ अमेरिका खंडातील. मेक्सिकोमधील ओआहाका प्रांतातील एका गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे हे फळ आले ते समुद्रमार्गे, कोलंबसानंतरच्या काळात. याचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि स्वयंपाकात तो भेद फार महत्त्वाचा ठरतो. ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोवीन सणाला जो नारिंगी भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात, तो दिसण्यास देखणा, पण बहुधा पाणचट आणि धागेदार निघतो. अमेरिकेत डब्यांत भरला जाणारा गर मुख्यतः इलिनॉय राज्यात पिकणाऱ्या निराळ्या जातीच्या फळाचा असतो. त्याचे साल फिकट बदामी आणि गर घट्ट असतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे फळ आणि आपल्या मंडईत फोडी करून विकला जाणारा लाल भोपळा ही एकाच जातीची, म्हणजे ‘कुकुर्बिटा मोस्काटा’ची लेकरे आहेत. तेव्हा घारग्यांसाठी जो भोपळा आपण पारखून घेतो, तोच या स्कोनलाही उत्तम.

मसाल्याची कथा याहून मनोरंजक आहे. 1796 साली अमेलिया सिमन्स या बाईंचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात भोपळ्याच्या पुडिंगच्या दोन कृती आहेत. एकीत जायपत्री, जायफळ व सुंठ, तर दुसरीत ऑलस्पाइस व सुंठ सांगितली आहे. म्हणजे भोपळा आणि उष्ण मसाले यांची सोयरीक जुनी आहे, आणि कोणता मसाला किती घालावा हे ठरविण्याचा अधिकार करणारणीकडे होता. पुढे 1934 साली मॅकॉर्मिक कंपनीने या पदार्थांसाठी तयार मिश्र मसाल्याचा डबा बाजारात आणला. सोय झाली यात संशय नाही. परंतु सोयीची वाट कोठवर जाते पहा: 2003 साली स्टारबक्स कंपनीने ‘पंपकिन स्पाइस लाटे’ या नावाने कॉफी विकण्यास प्रारंभ केला. ती अतोनात लोकप्रिय झाली. आणि तीत भोपळ्याचा अंशही नव्हता! 2015 साली कंपनीने तिच्या पाकात भोपळ्याचा गर घातला. बारा वर्षे लोक भोपळ्याच्या नावाने दालचिनी आणि जायफळ पीत होते. नाव उरले आणि फळ नाहीसे झाले. घरी स्कोन करणारीच्या हाती मात्र खराखुरा भोपळा असतो.

आता कृतीकडे वळू. भोपळ्याची फोड सालासकट मध्यम भट्टीत, म्हणजे 180 अंश सेल्सियसवर, सुरी सहज शिरेपर्यंत भाजावी. पाण्यात उकडू नये. गर काढून घोटावा आणि श्रीखंडासाठी दही बांधतो तसा स्वच्छ फडक्यात बांधून तासभर टांगून ठेवावा. या पदार्थातील सारी आपत्ती पाण्याची आहे. भोपळ्याच्या अंगी जवळजवळ नऊ दशांश पाणी असते. ते न काढता गर घातला तर पीठ सैल होते, सैल झाले म्हणून आपण आणखी मैदा घालतो, आणि अखेर भट्टीतून दगड बाहेर येतो.

मैदा 250 ग्रॅम, साखर 50 ग्रॅम, बेकिंग पावडर 3 लहान चमचे आणि मीठ अर्धा लहान चमचा एकत्र चाळावे. त्यात दालचिनीची पूड 1 लहान चमचा, सुंठ अर्धा, किसलेले जायफळ पाव आणि लवंगेची पूड केवळ चिमूटभर घालावी. लवंग दांडगी आहे. तिला मोकळे सोडले तर ती इतरांना बोलू देत नाही. जायफळ ऐनवेळी किसावे, कारण त्याचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असतो आणि डब्यातील जुन्या पुडीत तो फारसा उरलेला नसतो.

यानंतर लोणी, 85 ग्रॅम, अगदी थंड आणि घट्ट. येथे आपल्या सवयीला मुरड घालावी लागते. करंजी किंवा शंकरपाळ्यांसाठी आपण कडकडीत मोहन घालतो. ते पिठाच्या कणाकणाला भिनते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. स्कोनमध्ये लोणी भिनू द्यावयाचे नाही. त्याचे वाटाण्याएवढे तुकडे बोटांच्या टोकांनी पिठात मोडावे आणि तसेच राहू द्यावे. भट्टीच्या आचेने ते तुकडे वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पिठात नाजूक पापुद्रे सुटतात.

मग 120 ग्रॅम भोपळ्याचा गर व एक फेटलेले अंडे घालून पीठ हलक्या हाताने गोळा करावे. फारच कोरडे वाटल्यास एखादा मोठा चमचा थंड दूध घालावे. पोळीची कणीक तिंबणाऱ्या हाताला हे सर्वांत अवघड जाते. कणीक जितकी मळावी तितकी चिवट होते, आणि पोळी लाटण्यास तो चिवटपणा हवाच असतो. स्कोनमध्ये तोच घातक. पीठ ओबडधोबड दिसत असतानाच थांबावे. या पदार्थात कौशल्य आहे ते वेळेवर हात काढून घेण्याचे. गोळा बोटभर जाडीचा, किंचित अधिकच, थापून त्याचे आठ त्रिकोण कापावे, वरून दूध लावावे, आणि 200 अंशांवर तापलेल्या भट्टीत 15 ते 18 मिनिटे ठेवावे. कडा सोनेरी झाल्या आणि खालची बाजू टणक लागली की स्कोन तयार.

आणि आता त्या एका तासाविषयी. भट्टीत पिठातील पिष्ट पाणी पिऊन फुगते व मऊ होते. बाहेर निवू लागताच ते पुन्हा आपली जुनी, कठीण घडण धरू लागते. यालाच आपण शिळे होणे म्हणतो. शीतकपाटात तर हे अधिक वेगाने घडते, म्हणून भाजलेले स्कोन तेथे कदापि ठेवू नयेत. ज्या केकमध्ये साखर आणि स्निग्धांश भरपूर, तो काही दिवस तग धरतो. स्कोनमध्ये दोन्ही बेताचे, म्हणून तो लवकर मावळतो. दुकानदाराने सकाळी भाजलेला स्कोन दुपारी खपला पाहिजे. मग तो साखर वाढवितो, वर साखरेच्या पाकाचा जाड थर देतो. यात त्याचा दोष नाही, त्याच्या धंद्याची ती गरज आहे. परंतु त्या थराखाली भोपळ्याची चव बुडून जाते, आणि गिऱ्हाइकाला वाटते की स्कोन म्हणजे असाच गोड आणि कोरडा पदार्थ. ज्याने घरचा ऊन स्कोन कधी खाल्लाच नाही, त्याला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नाही. माझ्या दृष्टीने खरी हानी ती हीच.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात हा पदार्थ आपल्या मूळ साधेपणाने टिकून आहे. तिथला शरद मार्च ते मे महिन्यांत असतो, हे जाता जाता सांगावयास हवे. त्या राज्याच्या पंतप्रधानांच्या पत्नी आणि 1981 ते 1993 या काळात सिनेटच्या सभासद असलेल्या फ्लोरेन्स ब्येल्के-पीटरसन या बाई आपल्या भोपळ्याच्या स्कोनसाठी देशभर प्रसिद्ध होत्या. त्यांच्या कृतीत मसालाही नाही: भोपळा, साखर, थोडे लोणी, अंडे आणि फुगणारे पीठ, बस्स. वर लोणी लावून ऊन ऊन खावयाचे. सिनेटमधील त्यांची भाषणे आज किती जणांना आठवत असतील कोण जाणे, परंतु त्यांचे स्कोन मात्र लोकांच्या स्मरणात राहिले.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत नवरात्र आणि दिवाळी नेमकी या भोपळ्यांच्या दिवसांत येतात. तिथल्या घरांत घारग्यांसाठी आणलेल्या भोपळ्याची एक फोड सहज उरते, आणि सुंठ व जायफळ तर डब्यात असतेच. ज्यांना रोज पीठ भिजविण्यास सवड नाही, त्यांनी त्रिकोण कापून कच्चेच गोठवून ठेवावेत, आणि पाहुणे आले की हवे तेवढेच काढून, न वितळविता, तीन-चार मिनिटे अधिक भाजावेत. साठवावयाचे तर कच्चे पीठ साठवावे. भाजलेला स्कोन साठवू नये. इकडे ज्यांच्या घरी भट्टी आहे त्यांनी मात्र ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरू द्यावा आणि मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत हा प्रयोग करावा; उष्ण मसाल्यांना आपल्याकडे तोच काळ मानवतो.

शेवटी एक सूचना. स्कोन भट्टीत घालण्यापूर्वी घरातील मंडळींना हाक मारून पाटावर अगर टेबलाशी बसवावे. माणसांनी स्कोनची वाट पाहिली तर काही बिघडत नाही. स्कोनला मात्र माणसांची वाट पाहता येत नाही.