पोषणशास्त्राची मुलुखगिरी

पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती सुरुवातीलाच अन्नघटकांचे तक्ते येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत देशाच्या सहा विभागांतून गोळा केलेल्या ५२८ पदार्थांचं पृथक्करण आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे त्यांतून कळतं. पण नाचणी कोण खातं, कशाबरोबर खातं आणि घरात कुणाच्या वाट्याला किती येते, हे कळायला गावं पालथी घालावी लागतात. खाण्याची आणि भटकण्याची मनापासून आवड असलेला विद्यार्थी या शास्त्रात रमतो तो म्हणूनच.

महाराष्ट्रात या अभ्यासाची सुरुवात कोकणापासून करणं सोयीचं. किनाऱ्यावर वर्षाला २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून ताटात भात. त्यातला उकडा तांदूळ नीट पाहण्यासारखा आहे. भात भिजवून, उकडून, वाळवून मग सडला की कोंड्यातलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, दाण्यात मुरतं आणि कांडपात फारसं वाया जात नाही. याच जीवनसत्त्वाच्या अभावाने बेरीबेरी होतो. गिरणीत पांढराशुभ्र केलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्या मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर तो मोठ्या प्रमाणात आढळत असे. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूरला त्याच रोगाच्या चौकशीसाठी छोटीशी प्रयोगशाळा काढली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था तिच्यातूनच वाढली. उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या घरात बसून हा इतिहास वाचला तर तो पाठ करावा लागत नाही.

घाट चढून सोलापूर, मंगळवेढ्याकडे गेलं की पाऊस आटतो, काळी जमीन लागते आणि तिच्यातल्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून ऊन पाणी घालून ते मळायचं आणि भाकरी हाताने थापायची. या धान्याशीही एक रोग जोडलेला आहे. दख्खनमध्ये जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होई: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, तोंड येणं, जुलाब, पुढे मनाचा बिघाड. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असं मांडलं, की ज्वारीतल्या जादा ल्यूसीनमुळे शरीरात नायसिन तयार होण्यात अडथळा येतो. या कारणावर पुढे बराच वाद झाला. भाकरीसोबत काय आहे यावर मात्र पुष्कळ काही ठरतं, हे निर्विवाद. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात १० मिलिग्रॅमहून अधिक नायसिन असतं, तेव्हा सोलापुरी शेंगाचटणीला नुसतं तोंडीलावणं समजणं चूक. पिठलं किंवा मटकीची उसळ ज्वारीत कमी असलेलं लायसिन पुरवते. ज्या घरात भाकरीबरोबर फक्त मिरचीचा ठेचा असतो, त्या घराची नोंद वेगळी करायला हवी.

अशा नोंदीसाठी चोवीस तासांची आहारपाहणी करतात. काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारायचं आणि मापाच्या वाट्या, पळ्या, डाव पुढे ठेवून प्रमाण काढायचं. घरातली बाई बहुधा शेवटी जेवते आणि उरलेलं खाते. म्हणून तिला स्वतंत्रपणे, पुरुषमाणसं समोर नसताना विचारणं फार महत्त्वाचं. हे टाळलं तर सरासरी चांगली दिसते आणि तिच्यातला रक्तक्षय दिसत नाही.

फिरतीवर विद्यार्थ्याचं स्वतःचं खाणंही सांभाळावं लागतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा आणि दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत राहावं. एसटी स्थानकावरचे वडे, वेफर्स आणि फरसाण यांवर दिवस काढला तर दोन्ही गोष्टी बिघडतात. त्याच स्थानकाबाहेर केळी, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि हंगामात पेरू मिळतात. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या घरात असतं आणि ते भाकरी-डाळीतलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलट करतो. तो तासाभराने घ्यावा.