न आलेल्यांची यादी

(युवा अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. माझं रोजचं काम माहितीशी आहे. यादी कशी तयार होते आणि त्या यादीतून माणूस कसा गळतो, एवढं मला कळतं. बीपी आणि शुगर या दोन आजारांबद्दल मी तेवढंच बोलणार आहे.

आधी आकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब असलेले साडेएकतीस कोटी आहेत. शहरी भागात मधुमेहाचं प्रमाण १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के. आपल्यातले बहुतेक जण शहरात, दाट वस्तीत राहतात, हे लक्षात ठेवा.

या आजारांची अडचण अशी, की ते बरीच वर्षं दुखत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस तपासत नाही. मग एक दिवस लकवा होतो, हार्ट अटॅक येतो किंवा डायलिसिसची वेळ येते. पगारी रजा असलेला माणूस काही दुखत नसतानाही तपासणीला जाऊ शकतो. ज्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, तो जात नाही. आजार दोघांनाही होतो, पण एकाला वेळेत कळतं आणि दुसऱ्याला हॉस्पिटलात कळतं. आरोग्यातली विषमता म्हणतात ती इथून सुरू होते.

आता माझ्या क्षेत्रातलं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत मोठ्या हॉस्पिटलांमध्ये एक संगणकीय प्रणाली वापरली जात होती. जुनाट आजार असलेल्या कोणत्या रुग्णांना जास्त मदत द्यायची, हे ती गुण देऊन ठरवायची. झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली आणि २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. सारखेच गुण मिळालेल्या गोऱ्या आणि काळ्या रुग्णांची तुलना केली, तर काळे रुग्ण जास्त आजारी निघाले. मदतीला आपोआप पात्र ठरवणाऱ्या गुणांवर त्यांचे जुनाट आजार सुमारे २६ टक्के जास्त होते.

त्या प्रणालीला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. कुणाचा द्वेष करा असं त्या कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग झालं काय? प्रणाली आजार मोजत नव्हती, खर्च मोजत होती. ज्याच्यावर जास्त खर्च होणार त्याला जास्त गरज आहे, असं तिनं धरलं होतं. पण गरीब माणसाला दवाखान्यापर्यंत पोहोचता येत नाही, तिथे त्याला नीट वागणूक मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून त्याच्यावर खर्चच कमी होतो. संगणकानं त्याचा अर्थ लावला, हा कमी आजारी आहे. हा भेद दूर केला, तर जादा मदतीच्या यादीत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं.

हे अमेरिकेतलं झालं. पण हीच गफलत करायला संगणक लागतो असं नाही, कागदाचं रजिस्टरही पुरतं. आपल्याकडच्या दवाखान्यातल्या ओपीडीच्या वहीत कोण असतं? जो आला तो. सकाळी नऊ ते दुपारपर्यंत ज्याला येता आलं, ज्याच्याकडे केसपेपर होता, ज्याला रांगेत उभं राहणं परवडलं, तो. त्या वहीवरून एखाद्या मोहल्ल्यात बीपीचे पेशंट कमी दिसले, तर ते खरोखर कमी आहेत, की आलेच नाहीत? वही हे सांगू शकत नाही. आणि आपण 'आमच्याकडे कुणी लक्ष देत नाही' एवढंच म्हणत राहिलो, तर न आलेल्यांची नावं आपल्याकडेही नसतात.

न आलेल्यांपर्यंत पोहोचायचं कसं? याचंही एक चांगलं उदाहरण आहे. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी काळ्या पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांत एक प्रयोग केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बीपी जास्त असलेले ३१९ पुरुष त्यात होते. काही दुकानांत न्हाव्यानं गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जायला आणि राहणीमान बदलायला सांगितलं. बाकीच्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसला. डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार त्यानं तिथेच बीपी मोजलं, औषध सुरू केलं, पुन्हा पुन्हा भेटून डोस बदलला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात वरचं बीपी सरासरी ९ अंकांनी उतरलं, दुसऱ्या गटात २७ अंकांनी. १३०/८० च्या खाली आलेले पहिल्या गटात १२ टक्केही नव्हते, दुसऱ्यात जवळपास ६४ टक्के होते.

दोन्ही गटांत न्हावी विश्वासातला होता. फरक पडला तो उपचार त्याच खुर्चीजवळ आला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला म्हणून. नुसत्या सल्ल्यानं थोडंच काम झालं.

आता मालेगाव डोळ्यांसमोर आणा. तिथला यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतो. मागाची सुट्टी शुक्रवारी. जुम्याच्या आधी दाढी-कटिंगसाठी सलूनमध्ये गर्दी असते. एरवी हाती न लागणारा माणूस त्या बाकड्यावर नंबर येईपर्यंत बसून असतो. त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा लावायला याहून बरी जागा कोणती? आपल्याकडे सलूनमध्ये औषध देता येणार नाही, कायद्यानं डॉक्टरची चिठ्ठी लागते. पण माप घेता येईल, आणि ज्याचं माप जास्त आलं त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जाता येईल.

स्त्रियांसाठी ही जागा चालणार नाही. विडी वळणारी, घरात बसून शिलाई करणारी बाई कुठे भेटते? मुलांना सोडायला शाळेच्या गेटवर, बचत गटाच्या बैठकीत, तालीमच्या मजलिसमध्ये. मुली पुढे आल्या तरच हे काम होईल.

शिबिरांबद्दल थोडं कडवट बोलतो. मोफत तपासणी शिबिरं आपल्याकडे भरपूर होतात. बॅनर लागतो, फोटो निघतात, तीनशे लोकांची शुगर तपासली जाते, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी पडते. महिन्याभरानं त्यातले किती जण औषध घेत आहेत, हे कुणी विचारत नाही. आयुष्यभर सांभाळायचा आजार एका दिवसाच्या मंडपात आटोपत नाही.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रही होता. त्यातल्या काही राज्यांत 'सिंपल' नावाचं मोबाइल अॅप वापरलं जातं. नर्स त्यात बीपी, औषध आणि पुढची तारीख नोंदवते. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. तारीख उलटून गेलेल्या पेशंटची यादी ते वेगळी काढून देतं, म्हणजे नर्स त्यांना फोन करू शकते. आलेल्यांची नोंद सगळेच ठेवतात, हे न आलेल्यांची यादी ठेवतं. त्यासाठी अॅपच हवं असं नाही, दोनशे पानी वहीतही हे जमेल.

रमजानचं बोलायलाच हवं. १३ देशांतल्या मधुमेही मुस्लिमांचा एक मोठा अभ्यास २००१ मध्ये झाला होता. टाइप टू मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी निदान पंधरा रोजे ठेवले होते, आणि त्या महिन्यात शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण साडेसात पट वाढलं होतं. डॉक्टर रोजा ठेवू नका म्हणतील या भीतीनं आपली माणसं डॉक्टरकडे जातच नाहीत आणि गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलतात. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण अम्मीला ते पटवून देणं सोपं नसतं. म्हणून तिला रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधीच डॉक्टरकडे न्या. रोजा ठेवायचा की नाही, ठेवला तर कोणती गोळी केव्हा घ्यायची, हे तिच्या समोर ठरू द्या. बोटातला रक्ताचा थेंब घेऊन शुगर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं उलेमाही सांगतात. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायचा.

तुम्ही काय करायचं, ते आता सांगतो. आपल्या गल्लीतली तीस घरं घ्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. आशाताईंकडे त्यासाठीचा फॉर्म असतो. वय, तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला आजार आहे का, असे प्रश्न त्यात असतात. त्यांना भेटा, त्यांच्यासोबत फिरा. त्यांना दारं उघडून देणं हेही मोठं काम आहे.

बीपी मोजताना घाई नको. माणसाला पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू नको. दोनदा मोजा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तरी 'तुम्हाला बीपी आहे' असं आपण सांगायचं नाही. ते डॉक्टर सांगतील. आपण त्यांच्यासोबत जायचं.

आणि ही वही सांभाळून ठेवा. कुणाची शुगर किती, हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही, फोटो काढायचा नाही. अशा माहितीवरून मुलीचं लग्न मोडतं, कामावरून काढलं जातं. एकदा विश्वास गेला, की पुढच्या वेळी तो माणूस दार उघडणार नाही.

आपल्या मागण्याही सोडायच्या नाहीत. संध्याकाळची ओपीडी हवी, औषधं एकदम महिनाभराची मिळायला हवीत. 'रोज अर्धा तास चाला' असं सांगणाऱ्यांना, फूटपाथ नाही, मैदान नाही, बायकांनी चालायचं कुठे, हेही विचारायला हवं. तुमच्या वहीत न आलेल्यांची नावं असतील आणि ते का आले नाहीत याची कारणं असतील, तर नगरसेवकाला आणि आरोग्य अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. चाळीस जण म्हणाले की दवाखाना उघडा असतो तेव्हा आम्ही मागावर असतो, हे कागदावर लिहून दिलं तर टाळणं अवघड जातं.

या शुक्रवारी तुमच्या नाक्यावरच्या सलूनवाल्याशी बोला. दंडाला बांधायचं बीपीचं मशीन दोन-तीन मित्रांनी वर्गणी काढून घ्या. पुढच्या बैठकीला येताना वही सोबत आणा. किती जणांना तपासलं, हे मी विचारणार नाही. दुसऱ्यांदा कोण आलं नाही आणि त्यांच्या घरी कोण गेलं, एवढंच विचारेन.