कुंपण किती, मोकळीक किती?
(क्वेकर समाजातील बालसंगोपनावरील भाषण)



मुलांना किती जपावे आणि किती मोकळे सोडावे, हा प्रश्न तुम्हा-आम्हाला रोज पडतो. हाच प्रश्न इंग्लंडमधील एका लहानशा ख्रिस्ती पंथापुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. त्या पंथाचे नाव क्वेकर. त्यांच्या अनुभवातून आपणांस काय घेता येईल, एवढेच आज मांडावयाचे आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स याने हा पंथ सुरू केला. ईश्वरी प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. मग तो लहान मुलातही असणारच! इंग्लंडमधील त्यांच्या उपासनेत पाद्री नसतो. सर्वजण शांत बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो. मुलेही काही वेळ या शांततेत बसतात. १६८२ साली ब्रिस्टल शहरात मोठ्या माणसांना तुरुंगात टाकले गेले, तेव्हा मुलांनीच या बैठका चालू ठेवल्या. त्यासाठी त्यांनी मारही सोसला. ही मुले कोणाच्या धाकाने तेथे बसली नव्हती. धाक घालणारी माणसे तर तुरुंगात होती!

हे बळ उपदेशाने आले नाही. क्वेकर शपथ घेत नसत, कारण माणसाने नेहमीच खरे बोलावे, त्यासाठी वेगळी शपथ कशाला? त्यांच्या दुकानात वस्तूचा भाव एकच. तेथे लहान मूल पाठविले तरी फसवणूक होत नाही, असा त्यांचा लौकिक झाला. ज्या घरात बाप गिऱ्हाइकाशी खोटे बोलत नाही, त्या घरात सत्याचा धडा वेगळा द्यावा लागत नाही.

शाळांचेही त्यांनी लवकर मनावर घेतले. फॉक्सने १६६८ साली मुलांसाठी आणि मुलींसाठी शाळा काढण्याचा सल्ला दिला. १७७९ साली यॉर्कशायरमध्ये ॲकवर्थची शाळा उघडली, तीही बेताच्या परिस्थितीतील मुलामुलींसाठी. ऑक्सफर्डचा प्रवेश आणि केंब्रिजची पदवी त्यांना बंद होती. धर्माच्या अटी पुरत्या दूर व्हावयास १८७१ साल उजाडले. पण ते तक्रार करीत बसले नाहीत. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन हा एका क्वेकर विणकराचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षी तो गावातील मुलांना शिकवू लागला होता.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेरचे वारे लागू नये म्हणून त्यांनी मुलांभोवती कुंपण घातले. संगीत नको, कादंबऱ्या नकोत. ॲकवर्थला तर सुरुवातीच्या काळात घरी जाण्याची सुट्टीही नसे. पंथाबाहेर विवाह करणाऱ्यास समाजातून काढून टाकीत. परिणाम असा झाला की समाजच आटत चालला. १८५९ साली जॉन स्टीफन्सन राउंट्री या त्यांच्याच माणसाने निबंध लिहून हे परखडपणे दाखविले, आणि पुढच्याच वर्षी विवाहाचा तो नियम त्यांनी सैल केला.

कुंपण सैल झाले म्हणून मूळ उपटले नाही. त्यांच्यातीलच मार्जोरी साइक्स या शिक्षिकेने आपल्या सेवाग्रामला येऊन नई तालीमचे शिक्षक घडविले. हाताने काम करीत शिकावे, हा तेथील विचार क्वेकर मनाला परका नव्हता.

तेव्हा पालकहो, माझे म्हणणे थोडक्यात एवढेच. मूल टिकते ते कुंपणामुळे नव्हे, घरात जे रोज पाहते त्यामुळे. मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही शाळेत घाला. पण शाळेवर सारे सोपवू नका. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी दहा मिनिटे आपल्या मुलाजवळ बसा. काही सांगू नका, फक्त त्याचे ऐका. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे.