विद्यापीठांतील यंत्रसंशोधन आणि गटारात उतरणारा माणूस



'मानवकेंद्री तंत्रविज्ञान' हा शब्द हल्ली विद्यापीठांतून वारंवार कानी पडतो. यंत्रशास्त्र, वैद्यक, समाजशास्त्र आणि कायदा या शाखांनी एकत्र बसावे व माणसाच्या गरजेपासून संशोधनास आरंभ करावा, असा त्याचा अर्थ सांगण्यात येतो. अर्थ उत्तम आहे. परंतु मी वकील आहे, आणि व्याख्येतील प्रत्येक शब्दाची उलटतपासणी करण्याची खोड आम्हा वकिलांना असते. या शब्दातील 'मानव' तो कोण? मैल्याच्या टाकीचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करावा, असे मी योजिले आहे.

ही टाकी माणसाचा जीव कशी घेते, ते प्रथम पाहू. बंद टाकीत व गटारात मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो. तो थोडा असला म्हणजे सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. प्रमाण वाढले म्हणजे मात्र नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला, म्हणून धोका टळला असे वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस कोसळतो. त्याला वर काढण्यास दुसरा उतरतो. तोही परत येत नाही. २०१५ साली कोझिकोड येथे असेच घडले. दोन कामगार गेले, आणि त्यांना वाचविण्यास धावलेला एक रिक्षाचालकही गेला. पुढे केरळातील तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' हे गटार उपसणारे यंत्र तयार केले व २०१८ साली ते तिरुवनंतपुरम येथे कामास लागले.

चेन्नईच्या आय. आय. टी. मद्रास या संस्थेतील प्राध्यापक प्रभू राजगोपाल व त्यांचे विद्यार्थी यांनी 'होमोसेप' हे यंत्र सिद्ध केले. त्याचा उगम एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर अभ्यासातील प्रकल्पात आहे. टाकीचे तोंड अरुंद असते आणि तळाचा मैला थिजून घट्ट झालेला असतो. नुसत्या पंपाने तो ओढला जात नाही, म्हणून माणूस उतरवितात. होमोसेपची दांडी त्या अरुंद तोंडातून आत सोडली की तिची पाती उलट्या छत्रीप्रमाणे उघडतात, फिरू लागतात आणि घट्ट मैला घुसळून पातळ करतात. मग पंप त्याला ओढून घेतो.

यंत्रशास्त्राचे काम येथे संपले असे कोणी म्हणेल. परंतु या संशोधनातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट यापुढची आहे. २०२२ साली या यंत्राचे पहिले नग सफाई कर्मचारी आंदोलनाच्या साहाय्याने ज्या बचतगटांच्या हाती देण्यात आले, त्यांचे नेतृत्व याच कामात पती गमावलेल्या स्त्रियांकडे होते. मैल्याच्या टाकीचे अर्थशास्त्र या स्त्रियांपेक्षा अधिक कोणास कळणार?

आता कायद्याकडे वळू. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाचे कलम ३३ स्थानिक प्राधिकरणांवर स्पष्ट कर्तव्य टाकते : गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करताना मैल्यास हात लावण्याची गरजच उरू नये, अशी योग्य यंत्रसाधने वापरावीत. हे कलम वाचून समाधान वाटते. पण तोच अधिनियम व्याख्यांच्या कलमात काय म्हणतो? केंद्र सरकारने अधिसूचित केलेली साधने आणि संरक्षक पोशाख वापरून जो मैला साफ करतो, तो 'हाताने मैला उचलणारा' मानला जाणार नाही. 'धोकादायक सफाई'ची व्याख्याही अशीच, मालकाने साधने पुरविली की नाही यावर उभी आहे. म्हणजे एक हातमोजा माणसाला मैल्यातून बाहेर न काढताही कायद्याच्या व्याख्येतून बाहेर काढू शकतो! संशोधन करणाऱ्यांनी हे कलम आपल्या टेबलावर ठेवले पाहिजे. उतरणाऱ्या माणसाला थोडे सुरक्षित करणारे साधन आणि माणसाचे उतरणेच थांबविणारे साधन ही दोन सारखी नव्हेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. निर्णय स्वागतार्ह आहे, परंतु त्याचा लाभ माणूस मेल्यावर होतो. जिवंत माणसाला यंत्राची मालकी हवी. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत सफाई कामगारांना यंत्रखरेदीसाठी अनुदानाची तरतूद आहे. ती कागदावरून यंत्रापर्यंत पोचते काय, एवढेच पाहावयाचे. यंत्र ठेकेदाराचे झाले, तर कालचा कामगार आज बेकार होईल, आणि यंत्र बिघडले की त्यालाच पुन्हा बोलावून खाली सोडतील.

कामगारास संशोधनात स्थान मागणे ही अवास्तव मागणी आहे काय? नॉर्वेत १९७१ साली संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन न्यूगार्ड यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर संशोधन सुरू केले. येणारी यंत्रे आपल्या कामाचे काय करतील, याचा अभ्यास तेथे कामगारांनी स्वतः केला. त्याचा परिणाम असा की, १९७५ च्या देशव्यापी करारान्वये नव्या संगणकपद्धतींची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क त्यांस लाभला. प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू तेथे हक्क होती.

आपल्याकडे अडचण अधिक खोल आहे, हे मी जाणतो. नॉर्वेचा कामगार जन्माने त्या कामास बांधलेला नव्हता. यंत्र आल्याने जात जाते, असे मी म्हणत नाही. परंतु यंत्राला शत्रू मानणेही आम्हांस परवडणारे नाही. १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राचाच पक्ष घेतला होता. माणसास फुरसत मिळावी, संस्कृतीचा वाटा मिळावा, म्हणून यंत्र हवे. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांस देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

म्हणून येथे जमलेल्या तरुण वकिलांना एक काम सुचवितो. आपापल्या नगरपालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. कलम ३३ प्रमाणे कोणती यंत्रे घेतली, ती कोणाच्या नावावर आहेत, ती चालविणाऱ्यांपैकी किती जण पूर्वी स्वतः गटारात उतरत होते, आणि यंत्र बंद पडल्यास काय करावयाचे याचा लेखी आदेश आहे काय, एवढे विचारा. कायद्याने तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास अपिलाचा मसुदा मी करून देईन.