एका हाताने टाळी वाजत नाही

मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, गटाची वही, बँकेची कामं यांवर बोलते. आज बोलायचं आहे विहिरीवर घसरून पडण्याबद्दल, आणि त्यासाठी नववीच्या विज्ञानाचा आधार घ्यायचा आहे. घाबरू नका, मीही बी.ए. झालेली. माझं विज्ञान दहावीलाच सुटलं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एक काकू पाणी ओढताना घसरून आपटल्या. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. मजुरी बुडाली, गटाचे दोन हप्ते थकले. आणि ऐकायला काय मिळालं? "लक्ष कुठं होतं तुझं?" घरच्यांनी विचारलं, शेजारणींनी विचारलं. खरं सांगते, मीही तेच म्हणाले.

त्याच आठवड्यात माझी मुलगी गतीचे नियम वाचत होती. न्यूटन या इंग्रज शास्त्रज्ञानं १६८७ साली आपल्या ग्रंथात ते मांडले. त्यातला तिसरा नियम असा, की एका वस्तूनं दुसरीवर जोर लावला, की त्याच क्षणी दुसरी वस्तूही पहिलीवर तेवढाच जोर उलट दिशेनं लावते. आत्ता ऐकता ऐकता एक टाळी वाजवा बरं. उजव्या हातानं डाव्याला मारलं, पण झोंबले दोन्ही हात ना? आता भिंत ढकला. तळहात दबला, म्हणजे भिंतीनंही तुम्हाला ढकललंच.

मुलगी म्हणाली, "आई, बैल गाडीला ओढतो तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढते. मग गाडी पुढं जाते कशी?" मला उत्तर आलं नाही. गटाच्या बैठकीत विचारलं, तर एक आजी म्हणाल्या, "चिखलात नाही जात. बैलाचा खूर धरतच नाही." उत्तर तिथंच होतं.

हे आपल्या हिशेबासारखं आहे. गटानं तुम्हाला पाच हजार कर्ज दिलं. गटाच्या वहीतून पाच हजार गेले, तुमच्या हातात पाच हजार आले. रक्कम सारखीच, म्हणून तुमच्या हातात शून्य उरलं का? नाही, कारण हिशेब दोघांचे वेगळे. तसंच इथं. बैलाची ओढ गाडीवर पडते, गाडीची ओढ बैलावर. दोन वेगळ्या वस्तू, म्हणून हे जोर एकमेकांना खोडत नाहीत. बैल खुरांनी जमीन मागं रेटतो, जमीन बैलाला पुढं रेटते, त्यावर तो गाडी ओढतो. चिखल झाला, की जमीन पुरेसं रेटू शकत नाही. बैल तोच, ताकद तीच, पण खूर घसरतो.

आता विहिरीवर या. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो पाणी, वर घागरीचं वजन. रहाटाचं चाक ओढायची दिशा बदलतं, वजन कमी करत नाही. तुम्ही दोर जितक्या जोरानं ओढता, तितक्याच जोरानं दोर तुम्हाला विहिरीकडे ओढतो. हिसका दिलात, तर आणखी जास्त. मग तुम्ही विहिरीकडे खेचल्या का जात नाही? कारण तुमचे पाय दगडाला विहिरीकडे रेटतात आणि दगड तुम्हाला मागं रेटून धरतो. याला घर्षण म्हणतात. दगडावर शेवाळ असलं, साबणाचं पाणी असलं, तर दगडाला तुम्हाला धरता येत नाही. पाय पुढं सरकतात, अंग मागं जातं, आपण हात टेकायला जातो आणि मनगट मोडतं. काकू अगदी अश्शाच पडल्या होत्या.

दोर तुटला तरी तेच. विहिरीकडची ओढ एकदम नाहीशी होते, पण पाय अजून रेटतच असतात, आणि बाई उताणी पडते.

म्हणजे काकूंचं लक्ष होतं. त्यांनी आपला जोर बरोबर लावला होता. दगडानं साथ दिली नाही, आणि तो दगड साऱ्या गावाचा होता. हे कळल्यावर मी काकूंच्या घरी जाऊन माझे शब्द परत घेतले.

मग गटानं काय केलं ते सांगते. सगळ्यांनी मिळून शेवाळ खरवडलं. पाणी ओढायच्या जागी कपडे धुवायचे नाहीत, असं ठरवलं. पाट्याला टाकी लावतो तशी उभं राहायच्या दगडाला टाकी लावून घेतली. झिजलेला दोर बदलला. आता झिजलेली चप्पल घालून कुणी पाणी ओढत नाही, हिसके देत नाही, आणि कठड्याचा विषय आम्ही ग्रामसभेत मांडला आहे.

तुमच्या विहिरीवर, हापशावर, नदीच्या घाटावर या आठवड्यात एकदा पायाखाली बघा. आणि एखादी पडली, तर "लक्ष कुठं होतं" असं विचारण्याआधी दगड तपासा. एका हातानं टाळी वाजत नाही, तसं एकट्या बाईच्या जोरावर पाणी वर येत नाही. जमिनीनंही साथ द्यावी लागते.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.