गोलात उभा राहिलेला माणूस



शाळेत फुटबॉलची वेळ आली की मला हमखास गोलात उभं करत. कारण सरळ होतं, मला पळता येत नसे. त्यामुळे गोलकीपर या माणसाविषयी मनात कायमची माया राहिली. दहाजण चेंडूमागे धावत असतात आणि हा आपल्या जागी एकटा. चुकला तर सगळ्या गावाला दिसतो. इंग्लंडच्या फुटबॉलचा इतिहास वाचतानाही मला गोल मारणाऱ्यांपेक्षा गोल अडवणारेच अधिक आठवतात. त्यांतल्या दोघांच्या गोष्टी आज सांगतो.

पहिला सॅम बार्ट्रम, लंडनच्या चार्लटन संघाचा तांबड्या केसांचा गोलकीपर. साल १९३७, दिवस नाताळचा. त्या काळी तिथे नाताळलाही सामने होत. चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर खेळ सुरू असताना धुकं दाटत गेलं. पुढचे खेळाडू दिसेनासे झाले. बार्ट्रमला वाटलं, आपली मंडळी पलीकडे जोरात चढाई करताहेत, म्हणून चेंडू इकडे येत नाही. तो डोळे ताणून उभाच. बऱ्याच वेळानं धुक्यातून एक आकृती आली. पाहतो तर पोलीस! सामना थांबवून पंधरा मिनिटं झाली होती आणि मैदान केव्हाच रिकामं झालं होतं. बार्ट्रम आत गेला तेव्हा सोबती आंघोळी उरकून पोट धरून हसत होते.

दुसरी गोष्ट हसण्याची नाही. बर्ट ट्राउटमन हा जर्मनीतल्या ब्रेमेनचा. दुसऱ्या महायुद्धात तो हिटलरच्या फौजेत छत्रीधारी सैनिक होता. रशियाच्या आघाडीवर लढला, १९४५ मध्ये ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून इंग्लंडला आला. कैद्यांच्या छावणीत गोलकीपिंग करू लागला. सुटका झाल्यावर तिथेच राहिला. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीसारख्या बड्या क्लबनं त्याला घेतलं आणि शहरात भडका उडाला. युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. मँचेस्टरमध्ये ज्यूंची वस्तीही मोठी. हजारो लोक रस्त्यावर उतरले. वर्षाची तिकिटं घेणारे क्लबवर बहिष्काराची भाषा बोलू लागले. मात्र सिटीचा कप्तान एरिक वेस्टवुड स्वतः नॉर्मंडीत लढलेला; त्यानं खेळाडूंच्या खोलीत त्याला आपला म्हटलं.

आणि मग एक खुलं पत्र आलं. लिहिणारे होते मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू डॉ. अलेक्झांडर आल्टमन. १९३८ मध्ये ते नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आले होते. त्यांचे आईवडील नाझींनी मारले होते. अशा माणसानं लिहिलं, की आम्ही जे भोगलं ते भोगलं, पण त्या गुन्ह्यांशी ज्याचा संबंध नाही अशा एका जर्मनाला द्वेषापोटी शिक्षा करू नये. ज्याचा त्याचा न्याय स्वतंत्रपणे व्हावा.

विरोध हळूहळू ओसरला. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्ध सामना होता. प्रेक्षक ट्राउटमनला हिणवत होते. त्यानं गोलामागून गोल वाचवले. सिटी एका गोलनं हरली, पण शेवटी दोन्ही संघ रांगा करून उभे राहिले आणि त्यांच्या टाळ्यांतून तो बाहेर गेला. प्रेक्षकही उठून उभे होते.

१९५६ ची एफए कपची अंतिम लढत, वेंब्ली. समोर बर्मिंगहॅम सिटी. सतरा मिनिटं उरली असताना ट्राउटमननं चेंडूवर झेप घेतली आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. तो डोलत उठला, वेदनेत उभा राहिला, पुन्हा गोल वाचवले. सिटी ३-१ नं जिंकली. काही दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मानेचं हाड मोडलं होतं. त्याच वर्षी तो इंग्लंडचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. सिटीकडून तो एकूण ५४५ सामने खेळला. २०१३ मध्ये गेला.

मोडलेल्या मानेची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र ते पत्र मोठं वाटतं. कविसंमेलन संपल्यावर कुणीतरी जवळ येऊन म्हणतं, ‘तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं छान कसं लिहिता?’ त्यात कौतुकच असतं. मी हसून आभार मानतो. पण दूर कुठेतरी काही भयंकर घडतं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी पोचताच बोलणं थांबतं, तेव्हा आभार मानता येत नाहीत. ट्राउटमन निदान त्या फौजेत तरी होता. मी कधी मैदानाबाहेरही गेलो नाही.

अशा वेळी मला डॉ. आल्टमन आठवतात. आईवडील गमावलेल्या माणसाला एका अनोळखी जर्मनाचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावावर मांडता आला. आपल्याला तर रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याचाच मांडायचा आहे.